तोळाभर

गुलटेकडीच्या भुसार बाजारात
सव्वीस वर्षं मी वजनं पुकारली.
पोतं काट्यावर टेकायच्या आत
आकडा माझ्या तोंडात असायचा.

मग आवाज बसला.
सर्दी असेल म्हणून हळद-दूध घेतलं,
दोन महिने घेतलं.
एप्रिलात, वरचे पत्रे तापलेले असताना
मी एकटा स्वेटर घालून काट्याशी,
हमाल विचारायचे, काय खळदकर, महाबळेश्वरला निघाला?
'बावन्न किलो' म्हणायला मला
बावन्न किलो उचलल्यासारखं व्हायचं,
तोवर पुढचं पोतं चढलेलं.
माझं स्वतःचं वजन नऊ किलोनं जादा,
जेवण निम्म्यावर.
हिशेब लागत नव्हता.
माझा, ज्याचा कधी छटाक चुकला नाही.

बायको म्हणाली, रक्त तपासा.
मी म्हणालो, ते बायकांचं दुखणं.
ती काही बोलली नाही. नंबर लावून आली.

डॉक्टर हसबनीस बाईंनी गळ्यावर बोटं ठेवली,
'घोट गिळा' म्हणाल्या.
मग टाचेमागे हातोडी मारली.
पाऊल हललं, पण जागेवर यायला त्यानं वेळ लावला,
उधारी फेडायला गिऱ्हाईक येतं तसा.

रिपोर्टात आकडा बेचाळीस.
हवा चार-पाचाच्या आत.
'म्हणजे ग्रंथी जास्त काम करते?'
'कमी करते. हा आकडा ग्रंथीचा नाही,
मेंदूच्या तळातून तिला मारलेल्या हाकांचा आहे.
ती उठत नाही, म्हणून हाक वाढते.'
हे मात्र मला लगेच कळलं.
आडत्याचा आवाज चढला
की समजावं, हमाल जागेवर नाही.

कागदाच्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं,
दोन पाळ्या, मध्ये पट्टी.
'फुलपाखरू म्हणतात हिला.'
मला तराजू दिसला.

गोळी पहाटे, अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर.
चहा तासाभरानं.
कॅल्शियमची गोळी चार तास लांब.
सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त.
आधी पन्नास, मग पंचाहत्तर.
किलो नाही, ग्रॅम नाही, मायक्रोग्रॅम.
दुपारी काटा रिकामा होता तेव्हा
पावतीपुस्तकाच्या मागे मी मांडून पाहिलं:
रोज पंचाहत्तर, तर तोळाभर औषध पोटात जायला
सव्वाचारशे वर्षं.
एवढ्याशानं काटा कधी हलला नसता.
मी हललो.

'घरात आणखी कोणाला?' बाईंनी विचारलं होतं.
नाही म्हणालो होतो,
आणि परतताना स्वारगेटच्या सिग्नलला आठवलं:
मंजुळाच्या भुवया.
बाहेरच्या टोकांना विरळ, कुणी पुसल्यासारख्या.
बहिणीला माझ्या सासरच्यांनी परत पाठवलं, चौदा वर्षं झाली,
झोपाळू, मठ्ठ, कामाला जड म्हणून.
त्या बैठकीत मीही म्हणालो होतो,
हो, जड आहे ती.
वजन सांगायची सवय.

तिला सासवडहून आणलं.
एकसष्ट.
'तेव्हाही हेच असेल का?' मी विचारलं.
'आता सांगता यायचं नाही,' बाई म्हणाल्या.
'तेव्हा कोणी मोजलं नव्हतं.'

हल्ली पहाटे पाचला आम्ही दोघं गोळी घेतो,
मी बिबवेवाडीत, ती सासवडला.
मग तो चहाआधीचा तास, काही करता येत नाही असा.
तिचा फोन येतो.
आवाजातला घोगरेपणा गेलाय, भरभर बोलते,
मध्येच हसतेसुद्धा.
बैठकीचं मी दोनदा काढलं.
दोन्ही वेळा म्हणाली,
वाटाण्याला आज काय निघेल रे?
मी भाव सांगतो.
ती म्हणते, एवढाच?